मीटरला घातलेली पिशवी

आमच्या गावात विहिरीत उतरणारा माणूस विहिरीकडे पाठ करून उभा राहतो. खाली पाहायचं ते घरच्या बाईनं. ती कंदील दोराला बांधून पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडते आणि म्हणते, "जळून राह्यला." एवढं ऐकलं की तो वळतो आणि पहिल्या कडीवर पाय ठेवतो. स्वतः वाकून पाहणं म्हणजे तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, असं तिला चारचौघांत सांगणं. एवढा अपमान आमच्याकडे भांडणातसुद्धा कोणी करत नाही. कंदील विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. मग कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालची हवा घुसळायची, वरून पाण्याच्या बादल्या ओतायच्या, आणि पुन्हा कंदील सोडायचा.

लग्न होऊन मी तेलंगणातल्या, बेल्याकडच्या या गावात आले त्याला पंचवीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की नवरा मोटारीचा पाइप खाली सरकवायला उतरतो, आणि दर उन्हाळ्यात मी कंदील सोडते. पूर्वी त्यात रॉकेल असायचं, ते मिळेनासं झाल्यापासून मेणबत्ती असते.

शिवाय मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात दरवर्षी एका काचेच्या भांड्यात मेणबत्ती लावते, सोड्यावर लिंबू पिळते आणि ज्योत विझली की सांगते, "मुलांनो, हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो. दिसत नाही, वास येत नाही, आणि आग विझवतो." हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. वाचणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं, कारण ज्या दिवशी ठेवायला हवं होतं त्या दिवशी मी ठेवलं नाही.

तर एका हिवाळ्यात आमच्या गायरानात कंपनीनं बोअर पाडायला घेतला. आधी लोकांना वाटलं पाण्यासाठी आहे, म्हणून सगळे खूश झाले. मग कळलं की यातून काही वर काढायचं नाही, खाली घालायचं आहे. सिमेंटच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून जो वायू आभाळात जातो त्यानं म्हणे सगळी पृथ्वी तापते. तो वायू धुराड्यावरच पकडायचा, टँकरनं आमच्याकडे आणायचा आणि आमच्या कपाशीखालच्या काळ्या दगडात खोल दाबून टाकायचा. तिथे तो दगडाशी एकजीव होऊन स्वतःच दगड होणार. सध्या फक्त चाचणी, थोड्याच टँकरांची. आमच्या बापजाद्यांची हयात हा काळा दगड फोडण्यात गेली, पण त्याचा कोणाला उपयोग असल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

नियमाप्रमाणे गावाची संमती हवी, म्हणून शाळेच्या पटांगणात सभा ठरली. कंपनीचा भूगर्भशास्त्रज्ञ इंग्रजीत बोलणार, मंडलाचे, म्हणजे तहसीलचे, साहेब तेलुगूत बोलणार, आणि गाव मराठीत ऐकणार. मध्ये माणूस कोण? बाई. मला मंचावर खुर्ची मिळाली आणि सभा सुरू होण्याआधीच शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. सत्कार कामाआधी उरकला की माणूस कामात नडत नाही, हे शहाणपण मला तेव्हा सुचलं नाही. शाल चांगली होती, जरीच्या काठाची. समोर तिसऱ्या रांगेत माझा नवरा बसला होता आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होता, "इंग्रजी समजते तिले."

शास्त्रज्ञ तरुण होता, किडकिडीत, चष्मा सारखा वर सारणारा, आणि माझ्या अनुभवातला मंचावरचा एकमेव पाहुणा जो प्रश्नाचं उत्तर प्रश्नालाच देत असे. मंडलाच्या साहेबांची पद्धत निराळी होती. त्यांना काहीही विचारलं की ते हात हलवून म्हणत, "एम् कादु." म्हणजे काही होत नाही. विहिरी आटतील का? एम् कादु. जमीन हलेल का? एम् कादु. भात कधी वाढणार? या एकाच प्रश्नावर ते घड्याळाकडे बघून "लगेच" म्हणाले.

शास्त्रज्ञ म्हणाला की वायू दाबानं आत घालताना कधीकधी जमिनीला बारीक धक्के बसू शकतात, पण ते इतके लहान असतात की माणसाला जाणवत नाहीत. मी ते मराठीत सांगितलं. मागून एकजण ओरडला, "जाणवत नाही तर सांगून काऊन राह्यले?" लोक हसले. मीही हसले. मंचावरून हसायला फार बरं वाटतं.

मग माझे चुलत सासरे उठले. त्यांना मी मामाजी म्हणते. वय झालं आहे, ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. त्यांच्या लहानपणी जोंधळा जमिनीतल्या पेवात साठवत. विहिरीसारखा खोल खड्डा, तळाशी कडबा, वर मातीचं लिंपण. मामाजी काठीवर रेलून म्हणाले, "बाई, सायबाले इचार. पेव आमी उघडासाठी भरत होतो. पेव उघडला का दोन दिस तोंड मोकळं ठेवत होतो, मंग दिवा सोडून पाहत होतो. दिवा इझला का माणूस उतरत नोता. घाई केली तो गेला. यांचा पेव कवा उघडते? अन् दिवा कोन सोडते?"

मी प्रश्न इंग्रजीत केला, जमेल तसा. शास्त्रज्ञाचा चेहरा उजळला. एवढा नेमका प्रश्न आपल्याला शहरातही कोणी विचारला नाही असं म्हणाला, आणि चांगली पाच मिनिटं बोलला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे पेव कधीच उघडायचं नाही. वायू सहसा बाहेर येणार नाही. पण दगडाच्या भेगेतून किंवा जुन्या बोअरमधून आलाच, तर तो दिसणार नाही, त्याचा वास येणार नाही, आणि तो खोलगट जागी, विहिरीच्या तळाशी जाऊन बसेल. म्हणून बोअरला सगळ्यात जवळ असलेल्या विहिरीवर मीटर लावणार आहोत. मीटरची तार पाण्यापर्यंत खाली सोडलेली असेल. ती कोणीही वर काढायची नाही. वर काढली तर मीटरला काहीच कळणार नाही.

ही विहीर आमची होती.

मला आजही ते अर्धं मिनिट स्वच्छ आठवतं. साहेब मला बोटानं "आवरा" अशी खूण करत होते. पटांगणाच्या कडेला मोठ्या भांड्यांवरची झाकणं निघाली होती आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता. मागच्या रांगा उठायच्या बेतात होत्या. "वायू बाहेर येऊ शकतो" असं म्हटलं असतं तर गोंधळ झाला असता, सभा लांबली असती आणि गावानं म्हटलं असतं, शाल घेऊन बाईनंच विघ्न आणलं. मी शाल सावरली आणि म्हणाले, "ते म्हणतात, विहिरीवर मीटर लावणार आहेत. हिरवा दिवा असेल तर सगळं ठीक."

टाळ्या पडल्या आणि गावाची संमती झाली. पाच मिनिटांचं भाषण मी दोन वाक्यांत आणलं म्हणून साहेबांनी माझं कौतुक केलं. फक्त मामाजी जेवताना म्हणाले, "लई बोलला तो. तू थोडंच सांगतलं." मी म्हटलं, "मामाजी, त्यांची भाषाच तशी लांबलचक असते."

संक्रांतीनंतर मीटर आला. पांढरी पेटी, त्यावर आकडे, वर एक दिवा, आणि पेटीतून निघालेली लांब काळी तार, तिच्या टोकाला वायू ओळखणारा अंगठ्याएवढा बोंडूक. माणसांनी पेटी विहिरीजवळच्या कडुनिंबाला ठोकली, तार खाली सोडली, हिरवा दिवा लागला, आणि मला पेटीशेजारी उभं करून फोटो काढला.

दोनच दिवसांत ती तार मोटारीच्या पाइपाला गुंडाळली गेली. माझा नवरा व्यवस्थित माणूस आहे. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आहे, नव्या मोटारसायकलच्या सीटचं प्लास्टिक ती जुनी झाली तरी निघालेलं नाही. त्यानं तार हलक्या हातानं सोडवली, वर ओढली, बोंडूक उपरण्यानं कोरडा केला, त्याला खताच्या गोणीतल्या आतल्या प्लास्टिकची पिशवी घातली, सुतळीनं तोंड आवळलं, आणि तारेची सुबक गुंडाळी करून फांदीला टांगली. मी शाळेतून आले तेव्हा मला दाखवत म्हणाला, "एवढी महागाची वस्तू, पान्यात सडून गेली असती. लोकाची वस्तू हाय, जपाले पायजे."

मी म्हटलं, "बरं केलं."

हिरवा दिवा जळतच राहिला. दर पंधरा दिवसांनी कंपनीचा एक माणूस मोटारसायकलवर येई, पेटीवरचा आकडा वहीत लिही आणि जाई. तार कुठे जाते हे पाहणं बहुधा दुसऱ्या कोणाच्या कामात मोडत असावं. एकदा तो खूश होऊन नवऱ्याला म्हणाला, "पूरे इलाके में सबसे साफ हवा आपके कुएँ की है।" पिशवीतल्या हवेइतकी साफ हवा खरंच कुठे मिळणार! नवऱ्यानं त्याला शेतातली वांगी दिली.

टँकर यायला लागले तशी गावाला एक धक्का-वही मिळाली. ज्याला जमीन हलल्यासारखी वाटेल त्यानं त्यात लिहायचं. अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात तिच्यात जे आलं ते असं: कापसाचा ट्रक भैंशाच्या बाजाराकडे गेला तेव्हा भिंत हलली. जावई आला तेव्हा घर हललं. एकीनं लिहिलं, सासू जिना उतरते तेव्हा रोज. मी मास्तरणीच्या थाटात एकेका नोंदीवर काट मारत बसले.

आणि मग फाल्गुनातल्या एका दुपारी खरोखर धक्का बसला. मी स्वयंपाकघरात होते. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या, हळदीचा डबा फळीवरून खाली आला आणि कुत्री एकदम गप्प झाली. सगळं गाव रस्त्यावर आलं. साहेब म्हणाले, खाणीत सुरुंग लावला असेल, एम् कादु. खाणवाले म्हणाले, आज आमची सुट्टी. कंपनीनं कळवलं की यंत्रावर एक धक्का उमटला आहे खरा, पण तो माणसाला जाणवण्याइतका नव्हता. म्हणजे न जाणवणारा धक्का अख्ख्या गावाला जाणवला होता, यात चूक गावाचीच असणार. मी वहीत "किरकोळ" असं लिहिलं आणि हळद पुसायला बसले. पिवळा डाग फरशीवरून अजून गेलेला नाही.

वैशाखात पाणी तळाला गेलं आणि मोटार हवा ओढायला लागली. एके सकाळी नवरा म्हणाला, "खाली उतरून पाह्यतो. फुटव्हॉल्व्हमंदी कचरा अडकला असन."

मी घरात कंदील आणायला वळले तर तो म्हणाला, "अवो, कंदील कायले? तूच त सांगतलं ना सभेत. हिरवा दिवा जळून राह्यला, मंग सगळं ठीक." आणि सवयीप्रमाणे विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. कंदील नसला तरी शब्द माझाच हवा होता.

मी दिव्याकडे पाहिलं. हिरवा. म्हणाले, "जळून राह्यला."

तो वळून उतरायला लागला. एक कडी, दोन कड्या. मी उगाच झाडाकडे पाहत उभी होते. वाऱ्यानं ती पिशवी हलली, तिच्या आतला बोंडूक पेटीवर टकटक आपटला. आणि ते गाळलेलं वाक्य इंग्रजीत, त्या पोराच्या आवाजात, जसंच्या तसं माझ्या कानात आलं. वर काढली तर मीटरला काहीच कळणार नाही. इतके महिने मी ते विसरले नव्हते. फक्त त्याच्याकडे पाहत नव्हते.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या शेतातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "तिथंच थांबा! खाली एक पाय टाकू नका!"

"काऊन? साप हाय का?"

मी धावत घरात गेले, कंदिलात मेणबत्ती पेटवली, दोर बांधला, घाईत गाठ दोनदा सुटली. कंदील त्याच्या खांद्याजवळून, कमरेजवळून, पायांजवळून खाली गेला. त्याच्या पायाखाली तीन-चार कड्या खाली गेला आणि विझला. फडफडला नाही, धूर नाही. वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझला. आठवीच्या वर्गात विझते तशी अगदी शिकवल्याप्रमाणे विझली ज्योत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी विज्ञानाच्या पंचवीस वर्षांनंतर असा पाहिला.

नवरा वर आला आणि मोटेच्या जुन्या थारोळ्यावर बसला. मी फांदीवरून तार काढली, पिशवी फाडली आणि बोंडूक विहिरीत सोडला. थोड्या वेळानं दिवा लाल झाला आणि ती पेटी आयुष्यात पहिल्यांदा ओरडायला लागली. मी जमिनीवर बसले आणि रडले. नवरा म्हणाला, "रडून काऊन राह्यली? वाचलो ना मी." त्याला वाटलं मी भीतीनं रडते आहे.

मग कंपनीची आणि मंडलाची मंडळी आली. पंचनामे झाले. वायू बोअरमधला की विहिरीचा स्वतःचा, यावर दोन महिने खल झाला. जुन्या विहिरीत अशी हवा उन्हाळ्यात साचते हे खरं, आणि फाल्गुनात जमीन हलली हेही खरं. खरं काय ते मला आजवर माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांनी "दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत" असं लिहून सही केली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मीटर बिघडला नव्हता, कंपनी चुकली नव्हती, आकडा लिहिणारा चुकला नव्हता. चूक होती पिशवी घालणाऱ्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! गावात नवऱ्याला हाक मारायची पद्धतच बदलली. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "आले मीटरले टोपडं घालनारे." तो हसायचा. घरी येऊन एकदा मला म्हणाला, "कोनी एक शब्द सांगतला असता त कशाले काढली असती मी तार?"

मी भाकरी उलटत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर दुसरी सभा झाली. तेच पटांगण, तोच मंच. शाल या वेळी नव्हती. साहेबांनी सांगितलं की चाचणी तूर्त थांबवली आहे, मग गावाच्या हलगर्जीपणाबद्दल थोडं बोलले आणि फोन आला म्हणून बाजूला गेले. तो किडकिडीत शास्त्रज्ञ उठला. सरळ नवऱ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाला की तुमची चूक कशी म्हणू हे मला कळत नाही, पण तार वर काढू नये हे मी पहिल्याच सभेत स्पष्ट सांगितलं होतं. मग माझ्याकडे पाहून थांबला, मी मराठीत सांगावं म्हणून.

पटांगणात ते इंग्रजी फक्त मला कळलं होतं. मी "ते म्हणतात, पुढे काळजी घ्या" असं म्हटलं असतं, तरी सभा संपली असती. नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजारच्याला कोपरानं ढोसत नव्हता, पण त्याचं तोंड माझ्याकडेच होतं. बाई आता आपली बाजू सावरेल, असं त्यात लिहिलेलं होतं.

मी म्हणाले, "ते म्हणतात, तार वर काढायची नाही हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. वायू बाहेर येऊ शकतो, विहिरीत बसू शकतो, हेही सांगितलं होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. सभा लांबेल म्हणून. आणि शाल दिली होती म्हणून. माझ्या घरच्यांची चूक नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं."

मामाजी काठी टेकत उठले आणि निघून गेले. टपरीवरची थट्टा त्या दिवसापासून बंद झाली. निदान एवढं तरी झालं.

नवरा घरी आला, जेवला, म्हशीला चारा टाकला. झोपताना म्हणाला, "सांगतलं ते बरं केलं." आवाजात राग नव्हता. मी वाट पाहत होते रागाची, ती अजून पाहते आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तळाला गेलं. मीटर काढून नेलेला, झाडावर फक्त खिळ्यांची भोकं. मी कंदील आणला, नवी मेणबत्ती लावली. नवरा विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. मी कंदील सोडला, पाण्याला टेकेपर्यंत सोडला, नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"जळून राह्यला," मी म्हणाले.

तो वळला, पण कडीकडे गेला नाही. काठावर आला, गुडघा टेकला आणि वाकून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठला आणि उतरायला लागला.

कंदील खरोखरच जळत होता.